चेकवर सही झाली, आता जरा ऐका

तुमच्या संस्थेचा वार्षिक अहवाल वाचला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई, आणि पान उलटावं तिथे तुम्हीच. पुठ्ठ्याचा भलामोठा चेक, त्याला सहा जणांचे हात लागलेले, मागे फ्लेक्स. फोटोखाली डावीकडून उजवीकडे तुमची सगळ्यांची नावं, पदांसकट. आणि ज्या बाईच्या हातात तो चेक आहे तिच्या नावाच्या जागी काय छापलंय? ‘लाभार्थी महिला’. तिला नाव नाही का? विचारलंत का तिला?

तुम्हाला शाळेत मी शिकवलं आहे. तुम्ही विश्वस्त झालात, गाडीतून फिरता, म्हणून माझा बोलायचा हक्क संपलेला नाही. मोबाइल खिशात ठेवा आणि ऐका.

तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की संस्था गावोगावच्या उपक्रमांशी दीर्घकालीन भागीदारी उभारत आहे. वाक्य छान आहे. मी शेवटच्या पानावरची गावांची यादी काढली आणि मागच्या अहवालातल्या यादीशी ताडून पाहिली. हजेरीपट ताडायची सवय अजून गेलेली नाही. एखाददुसरं नाव सोडलं तर सगळी यादी कोरी करकरीत. मग मागच्या वर्षीचे भागीदार गेले कुठे? चिटणिसाला फोन केला तर म्हणतो, ‘बाई, त्यांचं झालं ना मागच्या वर्षी. आता दुसऱ्यांना संधी.’ संधी! भागीदारी चालवताय की भिशीचा नंबर काढताय?

बंधाऱ्याचंच घ्या. अहवालात त्याचा फोटो आहे, पाणी तुडुंब, काठावर तुम्ही. कोल्हापूर पद्धतीच्या त्या बंधाऱ्याला तुम्ही लोखंडी बर्गे घेऊन दिलेत. चांगलं केलंत. पण बर्गे दिले म्हणजे पाणी अडलं असं होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? पाऊस ओसरला की ऑक्टोबरात ते एकेक करून खाचेत बसवायचे, फटी बुजवायच्या, आणि पुढच्या पावसाळ्याआधी सगळे काढून ठेवायचे. काढले नाहीत तर पहिल्याच पुरात बांधाला धोका. काढले आणि उघड्यावर टाकले तर भंगारवाल्याचं फावतं. फटीतून पाणी झिरपू नये म्हणून लावलेलं रबर हंगामागणिक झिजतं. हे सगळं दरवर्षीचं काम आहे, आणि त्याला माणसं लागतात, थोडे पैसेही लागतात.

दुसऱ्या वर्षी गावातली चार माणसं तुमच्या कार्यालयात आली होती. रबर बदलायचं होतं आणि बर्गे ठेवायला एक पत्र्याची खोली हवी होती. तुमच्या एका चहापानाच्या बिलात बसेल एवढी ती मागणी. तुम्ही काय उत्तर दिलंत? ‘दुरुस्ती आमच्या धोरणात बसत नाही, नवीन प्रस्ताव आणा.’ त्यांनी माती आणि खताच्या रिकाम्या गोण्या कोंबून फटी बुजवल्या. डिसेंबर उजाडायच्या आत बंधारा रिकामा. शाळूला शेवटचं पाणी मिळालं नाही. मी स्वतः जाऊन पाहिलं, देवळामागे बर्गे पडलेत, गंजलेले, आणि त्यातले काही नाहीसेही झालेत. तुमचा फ्लेक्स मात्र तिथे आहे. गावकऱ्यांनी तो गोठ्यावर घातलाय, तुमच्या हसऱ्या चेहऱ्यांची बाजू खाली करून. तेवढा तरी तो उपयोगी पडला.

आता खजिनदार, तू उभा राहा. गणितात तू बरा होतास, म्हणून तुलाच विचारते. वर्ष किती महिन्यांचं असतं? बारा. तुमच्या संस्थेचं किती महिन्यांचं? मोज माझ्याबरोबर. मे-जूनमध्ये अर्ज मागवता. जुलैत छाननी. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर चेक, पण तो पुठ्ठ्याचा. खरे पैसे करारावर सह्या झाल्यावर, म्हणजे दिवाळीच्या तोंडाशी. आणि पंधरा मार्चच्या आत खर्चाचा हिशेब, उपयोगिता प्रमाणपत्र, फोटो, सगळं तुमच्या टेबलावर. म्हणजे गावाच्या हाती उरले साडेचार महिने. त्यात तुम्हाला बदल हवा, परिणाम हवा आणि यशोगाथाही हवी.

वाडीवरची बालवाडी पंधरा जूनला उघडते. पोरं काही तुमच्या छाननीची वाट बघत घरी बसत नाहीत. ताई दारात उभी असते, पोरांची नाकं पुसते, गाणी म्हणून घेते, आणि जून ते ऑक्टोबर तिला एक पैसा मिळत नाही. दिवाळीला पैसे आले तेव्हा तिने मागचे पाच महिने मागितले, तर तूच तिला सांगितलंस, ‘कराराच्या तारखेआधीचा खर्च मान्य नाही.’ ही बालवाडी तुमच्या यादीत दुसऱ्या वर्षीही टिकलेल्या त्या एखाददुसऱ्यांपैकी एक! टिकलेल्यांची ही गत, तर बाकीच्यांचं विचारायलाच नको.

तुझ्या आडतीवर येणारा शेतकरी वीस वर्षं तुझ्याकडेच माल घालतो. पेरणीच्या वेळी उचल मागितली तर तू देतोस. साल वाईट गेलं तर पुढच्या सालावर ढकलतोस. दर हंगामाला त्याच्याकडून नवा अर्ज, नवा फोटो आणि ‘आपल्या शेतीचे वेगळेपण तीनशे शब्दांत लिहा’ असं मागतोस का? नाही. कारण तिथे तुझा धंदा आहे, आणि धंद्यात माणूस जोडावा लागतो हे तुला बापाने शिकवलंय. तीच अक्कल संस्थेचा उंबरा ओलांडताना चपलेबरोबर बाहेर का काढून ठेवतोस?

मला माहीत आहे तू काय म्हणणार. ‘बाई, कायदा आहे. ट्रस्टच्या उत्पन्नाचे पंच्याऐंशी टक्के मार्चच्या आत खर्चावे लागतात, नाहीतर कर बसतो.’ अर्धा धडा वाचून परीक्षेला बसायची तुझी खोड तशीच आहे. त्याच कायद्यात पुढे लिहिलंय की ठरावीक कामासाठी रक्कम पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येते. त्याचा अर्ज मुदतीत भरावा लागतो, एवढंच. तुमच्या ऑडिटरला विचार. हिशेब तपासणी दर वर्षाची असते, म्हणून दिलेला शब्दही वर्षाचाच असावा असं कुठल्या कलमात आहे, ते मला दाखव.

कंपनीकडून येणाऱ्या पैशांचंही तेच रडगाणं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकामाला द्यायला लावले. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, आणि त्यात चालू प्रकल्पाची स्पष्ट व्याख्या आहे. काम सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं. म्हणजे सरकारी नियमातसुद्धा चार आर्थिक वर्षांची जागा ठेवलेली आहे, आणि तुम्ही, जे सरकारला उठता-बसता लाल फीत म्हणून नावं ठेवता, ते एका वर्षापलीकडे बघायला तयार नाही.

आणि तो पाच टक्क्यांचा बागुलबुवा! ‘पगारावर पाच टक्क्यांच्या वर खर्च चालत नाही’ असं तुम्ही प्रत्येक गटाला सांगत सुटलात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. बालवाडीत शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रशासकीय खर्च नाही. तीच बालवाडी आहे. ती नसेल तर उरतात चार भिंती आणि तुम्ही दिलेली घसरगुंडी.

वस्तूंना पैसे आहेत, माणसांना नाहीत, हा तुमच्या सगळ्या अहवालाचा सारांश. अभ्यासिकेला पुस्तकं दिलीत, स्पर्धा परीक्षेची, जाडजूड. सकाळी सहाला कुलूप कोण उघडणार? रात्री दहाला कोण लावणार? पोरांनी वर्गणी काढून एक मुलगा ठेवला होता. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, आणि अभ्यासिका आता ग्रामपंचायतीच्या शिपायाला आठवण येईल तेव्हा उघडते. शिलाई मशीन दिलीत, शिकवणारी दिली नाहीत. संगणक दिलेत, वीजबिल कोण भरणार ते विचारलं नाहीत. वस्तूला उद्घाटन असतं, फीत असते, फोटो असतो. मानधनाचा फोटो निघत नाही, हेच खरं कारण आहे ना? मान खाली घालू नका. उत्तर द्या.

हिशेबाबद्दल बोलते, कारण त्यात तुम्ही फार कडक आहात असं तुम्हाला वाटतं. ताईने पोरांच्या खाऊसाठी आठवडी बाजारातून शेंगदाणे आणि गूळ आणला. तुम्ही ते व्हाउचर परत पाठवलंत, कारण जीएसटीचं बिल नव्हतं. बाजारात गोणपाटावर बसलेली म्हातारी जीएसटीचं बिल फाडून देते का रे? शेवटी ताईने तालुक्याच्या दुकानातून तोच गूळ महाग घेतला, एसटीचं भाडं पदरचं घातलं, आणि बिल आणलं. तुमची फाइल शुद्ध झाली. संस्थेचे पैसे जास्त गेले, म्हातारीचं गिऱ्हाईक गेलं. याला चोख हिशेब म्हणतात? वाडीतल्या पाच बायकांची सही असलेली पावती आणि महिन्याला एकदा पारावर वाचून दाखवलेला जमाखर्च, यापेक्षा मोठं ऑडिट खेड्यात नसतं. तिथे चार आण्यांची चूकसुद्धा पचत नाही.

त्या बायकांना हिशेब कळत नाही असं मनात आणू नका. आपल्याच माणदेशात, म्हसवडला, १९९७ साली बायकांची बँक उभी राहिली. आधी परवाना नाकारला गेला होता, कारण प्रवर्तक म्हणून पुढे आलेल्यांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. त्या अक्षरं गिरवायला बसल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचं गणित आम्ही तोंडी करून दाखवतो म्हणाल्या. परवाना मिळाला. आणि तुम्ही त्याच तालुक्यात इंग्रजी रकान्यांचा अर्ज छापून बसलाय. ‘अपेक्षित परिणामांची चौकट’ असा एक रकाना मी पाहिला. तो तुमच्यापैकी किती जणांना भरता येईल? तालुक्याच्या सायबर कॅफेवाल्याने मात्र त्यावर बरं कमावलंय. सगळ्या गावांच्या अर्जांत एकच परिच्छेद आहे, हे तुमच्या छाननी समितीच्याही लक्षात आलं नाही. मी असते तर कॉपी म्हणून सगळे पेपर बाजूला काढले असते.

अध्यक्ष, तुझा मुद्दा मला ठाऊक आहे. ‘माणसं पैसे खातात, बाई. एका वर्षाचं ठेवलं की आपला धोका कमी.’ खातात, नाही कशाला म्हणू? एकच शेततळं तीन संस्थांना दाखवणारे पुढारी मला माहीत आहेत. दर वर्षी गटाचं नाव बदलून नवा फलक लावणारेही माहीत आहेत. त्यांना मी तुमच्या जागी बसवून हेच बोलले असते, याहून वाईट शब्दांत. पण विचार कर, त्यांचं फावतं कशामुळे? पुढच्या वर्षी तुम्ही तिथे फिरकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं म्हणून. वर्षाचा चेक लबाडाला फार सोयीचा. कष्ट करणाऱ्यालाच तो जड जातो, कारण त्याचं काम मार्चला संपत नाही.

दुसरा मुद्दा, ‘लोक परावलंबी होतील.’ हा मला जरा विचार करण्याजोगा वाटतो, म्हणून यावर थांबते.

विलासराव साळुंखे पुण्याचे अभियंते, स्वतःचा कारखाना असलेला माणूस. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली माणसं खडी फोडताना त्यांनी पाहिली. त्यांनाही चेक लिहून परत जाता आलं असतं. त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन भाड्याने घेतली आणि तिथे राहून पाणी अडवण्याचा प्रयोग आधी स्वतः करून पाहिला. गावोगावच्या सामुदायिक योजना त्यानंतर, काही वर्षांनी आल्या. त्यालाच पुढे पाणी पंचायत म्हणू लागले. तिचे नियम पाहा. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या मापाने, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करायचा. यात परावलंबन कुठे दिसतं? २००२ मध्ये विलासराव गेले, तोवर हे काम त्यांनी सोडलं नाही.

परावलंबी माणूस सोबतीने होत नाही. नियम एकाने ठरवायचे आणि पाळायचे दुसऱ्याने, पुढचा हप्ता येणार की नाही हे त्याला शेवटच्या दिवसापर्यंत कळू द्यायचं नाही, यानेच तो लाचार होतो. तुम्ही आज हेच करताय, आणि वर स्वावलंबनावर भाषणं देताय.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीचं पाणलोटाचं काम तुम्ही बसने जाऊन पाहून आलात, त्याचाही फोटो अहवालात आहे. जेवण काय होतं ते तुम्हाला आठवत असेल. तिथे आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान गावाने कबूल केलं, आधी लहान तुकड्यावर काम करून पाहिलं, मग मोठं काम हाती घेतलं, हे कुणी वहीत टिपून घेतलं का? अशा कार्यक्रमात देखभालीचा निधी सुरुवातीलाच बाजूला काढतात. संस्था कधी बाहेर पडणार, हेही गावाला आधीपासून माहीत असतं. अचानक फोन उचलणं बंद करायचं, ही बाहेर पडायची रीत नव्हे.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये आले. गावागावातल्या बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. एका शिबिरात नाही. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षं त्यांचं शिक्षण चालू राहिलं. आज ते दोघेही नाहीत, काम आहे. तुम्ही ‘एकदिवसीय क्षमताबांधणी कार्यशाळा’ घेता, त्यात दोन तास पाहुण्यांच्या स्वागताचे.

आणि ‘देणगीदारांना दर वर्षी काहीतरी नवीन लागतं’ असं म्हणू नका. ती चटक तुम्हीच लावलीत त्यांना. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा तिचे आजीव सभासद वीस वर्षं तुटपुंज्या पगारावर शिकवायचा शब्द देत. सगळ्यांना तो पाळता आला असं नाही. टिळक १८९० मध्येच भांडून बाहेर पडले. पण शब्द वीस वर्षांचा द्यायचा असतो, एवढं त्या काळच्या पुण्याला कळत होतं. तुम्ही तुमच्या देणगीदारांना पाच वर्षांचा शब्द मागून तरी पाहिलात का? एकदाही?

आता काय करायचं ते सांगते. लिहून घ्या, पुन्हा सांगणार नाही. यादी निम्म्याहून खाली आणा. वीस गावांना थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठ गावं घ्या आणि त्यांना पाच वर्षांचा शब्द द्या, लेखी, रकमेसकट. पहिला हप्ता मे महिन्यात, शाळा आणि पाऊस दोन्हींच्या आधी. ताईचं, अभ्यासिका सांभाळणाऱ्याचं, बर्गे बसवणाऱ्या माणसांचं मानधन त्यात असलंच पाहिजे, आणि दुरुस्तीलाही हिस्सा. अर्ज मराठीत, दोन पानांचा, आणि तोही एकदाच. मधल्या वर्षांत अर्ज नको, तुम्ही जा, पारावर बसा, काय फसलं ते ऐका. फसलं म्हणून सांगणाऱ्याचा हप्ता कापलात तर पुढच्या वेळी तो खोटं सांगेल, आणि त्या खोट्याला जबाबदार तुम्ही असाल. तुमच्या समितीत त्या गावांतली निदान तीन माणसं घ्या, त्यांत निदान निम्म्या बायका. त्यांना सतरंजीवर बसवून तुम्ही खुर्चीवर बसलात असं माझ्या कानावर आलं, तर मी सभेला येईन.

सत्काराचं, शाल-श्रीफळाचं आणि फ्लेक्सचं बजेट रद्द करा. किती वाचतात ते खजिनदाराने बेरीज करून पुढच्या सभेत वाचून दाखवावं, मोठ्याने.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, तेवढं मलाही कळतं. पण एक गोष्ट वेळ न लावता होण्याजोगी आहे. वाडीवरच्या ताईचं जून ते ऑक्टोबरचं मानधन थकलेलं आहे. ते सर्वसाधारण निधीतून काढा, त्यासाठी ठराव लागत असेल तर आज रात्री सभा बोलवा, आणि येत्या शनिवारच्या आत तिला पोचतं करा. शिपायाला पाठवू नका. अध्यक्षाने स्वतः जावं, कॅमेरा न नेता, आणि तिचं नाव विचारून यावं.